‘ब्रेक फेल झाला’ म्हणतात, पण गाडीच्या वहीत तशी नोंद असते का?

१८ ऑक्टोबर २०२५, धनत्रयोदशीचा दिवस. अस्तंबा यात्रेहून परतणाऱ्या भाविकांना घेऊन येणारं पिकअप वाहन नंदुरबार जिल्ह्यातल्या चांदशैली घाटात दरीत कोसळलं. ऐन दिवाळीत कितीतरी घरांत अंधार झाला. त्या अपघाताचं कारण ठरवणं हे पोलिसांचं आणि आरटीओचं काम आहे, मी त्यात पडणार नाही. पण अशी बातमी आली की तासाभरात मोबाइलवर दोन तट पडतात, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. एक गट म्हणतो, ‘ब्रेकच फेल झाला असणार.’ दुसरा म्हणतो, ‘ड्रायव्हरच जोरात असणार.’ चांदशैली असो, तोरणमाळचा रस्ता असो की नवापूरकडचा कोंडाईबारी घाट, वाद तोच असतो.

हा वाद वाचताना मला नेहमी एक प्रश्न पडतो. आजच्या कारमध्ये ब्रेकसाठी वेगळा कॉम्प्युटर असतो. तो दर सेकंदाला चारही चाकांवर नजर ठेवतो, काही बिघडलं तर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावतो आणि ते स्वतःच्या वहीत लिहूनही ठेवतो. मग ‘ब्रेक फेल’ झाला की नाही, हे त्या वहीत बघून सांगता येईल का?

थोडक्यात उत्तर असं: काही गोष्टी सांगता येतात, पण घाटात ब्रेक जाण्याचं जे नेहमीचं कारण आहे, ते या वहीला दिसतच नाही. आणि जे दिसतं, जे लिहिलेलं असतं, ते आपण बहुतेक वेळा न वाचताच पुसून टाकतो. या दोन्ही गोष्टी नीट समजून घेऊया, कारण आपल्या जिल्ह्यात अर्धा प्रवास उताराचा आहे.

आधी ब्रेक, मग कॉम्प्युटर

एक गैरसमज सुरुवातीलाच काढून टाकू. एबीएस ब्रेक लावत नाही. ब्रेक आपला पाय लावतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलमधून दाब चाकापर्यंत जातो आणि पॅड डिस्कला किंवा लायनर ड्रमला घट्ट धरतो. एबीएसचं काम याच्या उलट आहे. चाक जागच्या जागी लॉक होऊन गाडी घसरायला लागली, तर त्या चाकाचा दाब क्षणभर सोडायचा, परत धरायचा, परत सोडायचा. हे सेकंदात अनेकदा होतं. म्हणून ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की पायाखाली पेडल थरथरतं.

बॉनेट उघडलं की ब्रेकच्या बारीक धातूच्या नळ्या जिथे एकत्र येतात, तिथे एक अॅल्युमिनियमचा ठोकळा दिसतो. त्यात प्रत्येक चाकासाठी दोन, असे साधारण आठ व्हॉल्व्ह असतात आणि एक छोटी पंपाची मोटर असते. ठोकळ्याला चिकटून काळा प्लॅस्टिकचा डबा असतो. तोच एबीएसचा ईसीयू, म्हणजे आपला वही लिहिणारा कॉम्प्युटर. गाडी घसरताना सावरणारी ईएससी यंत्रणा असेल तर व्हॉल्व्ह जास्त असतात आणि स्टिअरिंगचा कोन, गाडीचं वळणं, ब्रेकचा दाब मोजणारे सेन्सरही याच डब्याला जोडलेले असतात.

भारतात प्रवासी कारच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. १२५ सीसीच्या वरच्या मोटरसायकलींनाही त्याच सुमारास ते लागू झालं. जून २०२५ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने आणखी पुढचा मसुदा काढला. त्यात १ जानेवारी २०२६ पासून सगळ्याच नव्या दुचाकींना एबीएस द्यावं असा प्रस्ताव होता. म्हणजे हा डबा आता श्रीमंताच्या गाडीतली चैन राहिलेला नाही. एमएच ३९ पासिंगच्या साध्या हॅचबॅकमध्येही तो आहे. मग तो काय बोलतो, हे आपल्याला कळायला नको का?

दोष सापडतो कसा?

ईसीयूची तपासणी तीन टप्प्यांत चालते.

पहिला टप्पा चावी फिरवल्यावर. एबीएसचा पिवळा दिवा दोन-तीन सेकंद लागून विझतो ना, तेवढ्यात ईसीयू स्वतःची परीक्षा घेतो. मेमरी ठीक आहे का, आतला प्रोग्रॅम जसाच्या तसा आहे का, व्हॉल्व्हच्या कॉइलमधून वीज नीट जाते का, सेन्सरची वायर तुटलीय का, कुठे शॉर्ट आहे का, बॅटरीचं व्होल्टेज पुरेसं आहे का. सगळं बरोबर असेल तर दिवा विझतो. म्हणजे दिवा *लागणं* हीसुद्धा तपासणीच आहे. चावी फिरवल्यावर दिवा लागलाच नाही, तर आनंद मानू नका. बल्ब गेलाय किंवा कोणीतरी मुद्दाम काढलाय.

दुसरा टप्पा गाडी हलल्यावर. थोडा वेग आला की ईसीयू पंपाची मोटर क्षणभर फिरवून बघतो. शांत गल्लीत सकाळी गाडी काढली की पुढून ‘घर्र’ असा बारीक आवाज येतो, तो हाच. मोटरसायकलवर तर एबीएसचा दिवा गाडी पुढे जाईपर्यंत लागलेलाच राहतो, कारण चाक फिरल्याशिवाय सेन्सर तपासता येत नाही. त्यामुळे उभ्या बाइकवर तो दिवा दिसला म्हणून घाबरायचं कारण नाही.

तिसरा टप्पा सतत चालू असतो, आणि खरी गंमत इथे आहे. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर असतो. त्याच्यासमोर दातेरी रिंग किंवा बेअरिंगच्या सीलमध्येच बसवलेली चुंबकीय रिंग फिरते. दात समोरून गेला की सेन्सरमधून एक ठोका येतो. ठोके मोजून ईसीयू चाकाचा वेग काढतो. जुन्या पद्धतीचा सेन्सर म्हणजे नुसती तारेची कॉइल आणि चुंबक. गाडी हळू असली की त्याचा सिग्नल अगदी क्षीण होतो. नव्या सेन्सरना वीज पुरवावी लागते आणि ते साधारण ७ आणि १४ मिलीअॅम्पिअर अशा दोन पातळ्यांवर उत्तर देतात. यात सोय अशी की वायर तुटली तर करंट शून्य होतो, शॉर्ट झाली तर भलताच वाढतो, आणि दोन्ही वेळा ईसीयूला लगेच कळतं.

पण वायर शाबूत असून सिग्नल खोटा असेल तर? तिथे ईसीयू व्यवहारज्ञान वापरतो. तीन चाकं ताशी ४० किलोमीटर सांगतायत आणि चौथं शून्य, ब्रेकवर तर पाय नाही, मग चौथ्याचं काहीतरी चुकतंय. एखाद्या चाकाचा वेग एका क्षणात ३० वरून ९० झाला, तर असं खऱ्या चाकाला जमत नाही, म्हणजे सिग्नल खोटा. ब्रेकचा दाब वाढलाय पण ब्रेक लाइटचा स्विच म्हणतोय की पाय वरच आहे, तर दोघांपैकी एक चुकतोय. शाळेत गुरुजी चार मुलांच्या वह्या शेजारी ठेवून कोणी चूक केली ते ओळखतात, तसाच हा प्रकार आहे.

नोंद कशी होते?

एक खड्डा बसला, सेन्सर क्षणभर हलला, म्हणून लगेच दिवा लावला तर धडगावच्या रस्त्यावर तो दिवा कधी विझणारच नाही. म्हणून ईसीयू घाई करत नाही. दोष दिसला की एक आकडा वाढवतो, दोष गेला की कमी करतो. आकडा ठरावीक मर्यादेच्या वर गेला तरच दोष पक्का धरतो. वायर तुटण्यासारखे ठळक दोष लगेच पक्के होतात, डळमळीत सिग्नलला जास्त वेळ दिला जातो.

दोष पक्का झाला की चार गोष्टी होतात.

पहिली, एबीएस स्वतःला बाजूला करतं. चुकीच्या माहितीवर दाब सोडण्यापेक्षा काहीच न केलेलं बरं, हा विचार. साधा ब्रेक पूर्वीसारखा चालू राहतो, पण चाक लॉक होण्यापासून वाचवणारं कोणी राहत नाही. दुसरी, पिवळा दिवा लागतो. पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही लागला, तर प्रकरण गंभीर आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी व्यवस्थाही गेलेली असू शकते किंवा ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं. अशा वेळी गाडी बाजूला घ्यायची, पुढचा घाट उतरायचा नाही.

तिसरी गोष्ट, कोड लिहिला जातो. कोडचं पहिलं अक्षर विभाग सांगतं: इंजिन-गिअरबॉक्ससाठी ‘पी’, चासीसाठी ‘सी’, बॉडीसाठी ‘बी’, आणि कॉम्प्युटरच्या आपसातल्या बोलण्यासाठी ‘यू’. उदाहरणार्थ, सी००३५ म्हणजे पुढच्या डाव्या चाकाच्या वेग-सेन्सरचा सर्किट दोष. यू०१२१ म्हणजे बाकीच्या कॉम्प्युटरना एबीएसचा ईसीयू उत्तरच देत नाही.

चौथी गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. कोडसोबत त्या क्षणाचा केस पेपर ठेवला जातो. तेव्हा वेग किती होता, व्होल्टेज किती होतं, गाडी किती किलोमीटर चालली होती, दोष किती वेळा आला. प्रत्येक गाडीत यातलं सगळंच असतं असं नाही, कंपनीने ठरवलं तेवढंच असतं. हे सगळं अशा मेमरीत जातं की बॅटरीची वायर काढली तरी पुसलं जात नाही. ‘दहा मिनिटं बॅटरी काढून ठेव, दिवा जाईल’ हा सल्ला म्हणूनच बहुतेक गाड्यांत एबीएसला लागू पडत नाही.

आज बऱ्याच गाड्या आयएसओ १४२२९ नावाच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे बोलतात. त्यात प्रत्येक कोडला आठ ‘हो-नाही’ खुणा असतात. त्यातल्या तीन लक्षात ठेवण्यासारख्या. दोष आत्ता या क्षणी आहे का? शेवटचं पुसल्यापासून तो कधी येऊन गेलाय का? आणि शेवटचं पुसल्यापासून ही तपासणी एकदा तरी पूर्ण झालीय का? तिसरी खूण वापरलेली गाडी घेताना कामाची आहे. बऱ्याच तपासण्या ‘अजून झालेल्याच नाहीत’ असं स्कॅनर दाखवत असेल, तर वही नुकतीच कोरी केलेली असण्याची शक्यता मोठी. अर्थात गाडी थोडी फिरवली की या खुणा भरत जातात, म्हणून स्कॅनर लावायचा तो गाडी दाखवतात तिथेच, फेरी मारायच्या आधी.

सातपुड्यातले नेहमीचे दोष

मागच्या पावसाळ्यात मी शहाद्याच्या एका गॅरेजमध्ये अर्धा दिवस बसून होतो. मिस्त्रींना विचारलं, एबीएसच्या दिव्याच्या तक्रारी किती येतात? ते हसले. म्हणाले, “भाऊ, तक्रार कोण करतो? लोक म्हणतात, ब्रेक लागतोय ना, मग दिव्याचं काय? गाडी विकायची झाली की मात्र येतात. तेव्हा म्हणतात, तेवढा दिवा घालवून द्या.”

त्या दिवशी एक कार उजवं मागचं चाक काढून उभी होती. सेन्सरच्या टोकावर लोखंडाच्या बारीक कणांचा आणि चिखलाचा काळा लेप बसला होता. चुंबक असल्यामुळे ब्रेकमधून झडणारा लोखंडी भुगा तिथे चिकटतो. कापडाने पुसून, सेन्सर परत बसवून, कोड पुसला तर दिवा गेला. नवीन भाग काहीच लागला नाही. पण हे कशामुळे जमलं? मिस्त्रींकडे एबीएसपर्यंत पोहोचणारा स्कॅनर होता आणि त्यात कोणत्या चाकाचा दोष आहे ते आलं, म्हणून. नाहीतर चारही चाकं उघडायची किंवा अंदाजाने अख्खं युनिट बदलायला सांगायचं.

आपल्याकडच्या रस्त्यांवर नेहमी दिसणारी कारणं अशी: चिखल आणि भुगा, खडीने किंवा उंदराने तुटलेली वायर, गंजून फुगलेली किंवा तडकलेली रिंग. आणखी दोन कारणं माणसांनी केलेली. चुंबकीय रिंग असलेलं बेअरिंग उलटं बसवलं तर गाडी व्यवस्थित पळते, पण सेन्सरला काहीच दिसत नाही. आणि एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर बसवला, तर ते चाक कायम जास्त किंवा कमी वेगाने फिरतं. फरक मोठा असेल तर ईसीयू त्यालाच दोष समजतो. म्हणजे कोडमध्ये ‘सेन्सर’ असं नाव आलं तरी सेन्सर बदलणं हा उपाय असेलच असं नाही. कोड दोष कुठे *जाणवला* ते सांगतो, दोष कशाने झाला ते माणसाने शोधायचं असतं.

वहीत जे कधीच लिहिलं जात नाही

आता मूळ मुद्दा. ईसीयू फक्त तेच लिहू शकतो, जे तो मोजतो. विजेचे आणि सिग्नलचे दोष तो छान पकडतो. पण घाटात ब्रेक जातो तो बहुतेक वेळा विजेमुळे नाही, उष्णतेमुळे.

हिशेब करून बघू. समजा, माणसांसकट अडीच टन वजनाची गाडी ५०० मीटर उंचीचा उतार उतरली. तिची जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती साधारण सव्वाबारा मेगाज्यूल होते. म्हणजे सुमारे ४० लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी उष्णता. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये उतरलं तर तिचा मोठा वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये, ‘डिझेल वाचतं’ म्हणून उतरलं, तर हवेचा आणि टायरचा विरोध सोडून सगळा भार ब्रेकवर.

ब्रेक असा तापला की दोन गोष्टी होतात. पॅड आणि लायनरची पकड कमी होते. आणि ब्रेक ऑइल उकळू शकतं. डॉट ३ प्रकारच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असावा लागतो, डॉट ४ चा २३०. पण हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. ओल मुरलेल्या डॉट ३ साठी किमान मर्यादा फक्त १४० अंश आहे, डॉट ४ साठी १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल स्पंजासारखं थेट खाली जातं आणि चाकापर्यंत जोर पोहोचतच नाही.

आता बघा, यातलं ईसीयूला काय दिसतं? चारही सेन्सर ठीक. व्हॉल्व्हच्या कॉइल ठीक. व्होल्टेज ठीक. चाकं सारख्याच वेगाने फिरतायत. साध्या एबीएसच्या दृष्टीने ही एक निरोगी गाडी आहे. काही महागड्या गाड्यांत डिस्कचं तापमान गणिताने अंदाजलं जातं किंवा पॅड झिजल्याची वायर असते, पण साध्या गाडीत ऑइलमध्ये ओल किती, लायनर किती उरलं, ड्रम किती तापला, हे मोजणारं काही नसतं. ऑइलच्या डबीत एक तरंगता स्विच असतो, तोही पातळी सांगतो, गुणवत्ता नाही. अर्ध्या तासाने ब्रेक थंड झाले, वाफ परत द्रव झाली की पेडलही परत घट्ट होतं. वही कोरी, पेडल घट्ट. आणि ‘ब्रेक गेला होता’ म्हणणारा ड्रायव्हर खोटारडा ठरतो.

म्हणून वहीत नोंद नाही याचा अर्थ दोष नव्हता, असा होत नाही. हे वाक्य ज्यांच्या हातात अपघाताचा तपास असतो, त्यांच्यासाठी फार महत्त्वाचं आहे.

अपघातानंतर गाडी काय सांगते?

इथे दोन वह्यांची गल्लत होते. एबीएसची वही बिघाडांची. एअरबॅगच्या ईसीयूत मात्र अनेक गाड्यांमध्ये धडकेच्या आधीच्या काही सेकंदांची वेगळी नोंद राहते: वेग, अॅक्सिलरेटर, ब्रेकवर पाय होता की नव्हता. अमेरिकेच्या नियमात हा धडकेपूर्वीचा काळ पाच सेकंद असा ठरला होता. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून सर्व नव्या कारना असा रेकॉर्डर सक्तीचा आहे.

महाराष्ट्राने याचं उदाहरण पाहिलंय. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा कार अपघातात मृत्यू झाला. कंपनीने गाडीतल्या डेटावरून पोलिसांना दिलेल्या अहवालाच्या बातम्या तेव्हा आल्या. धडकेच्या पाच सेकंद आधी वेग ताशी १०० किलोमीटर होता, ब्रेक लावला गेला आणि धडकेच्या वेळी वेग ८९ होता. चार माणसं सांगतील त्या चार गोष्टींपेक्षा हे दोन आकडे जास्त बोलके होते.

दुसरं उदाहरण कुर्ल्याचं. ९ डिसेंबर २०२४ च्या रात्री बेस्टसाठी धावणारी भाडेतत्त्वावरची इलेक्ट्रिक बस गर्दीत घुसली. ब्रेक निकामी झाल्याचं ड्रायव्हरचं म्हणणं समोर आलं, तर आरटीओच्या प्राथमिक पाहणीत ब्रेक चालू स्थितीत असल्याचं सांगण्यात आलं. चर्चा मग ड्रायव्हरला त्या बसचं प्रशिक्षण किती मिळालं होतं, याकडे वळली. तिथे उताराचा प्रश्नच नव्हता. पण घाटातल्या अपघातानंतर थंड झालेल्या गाडीवर फक्त ‘पेडल दाबून पाहिलं, ब्रेक लागला’ एवढी तपासणी केली, तर ती अपुरीच राहणार. ऑइलमधली ओल मोजायला हवी, लायनर जळून चकाकलंय का बघायला हवं, ड्रमवर तापून निळसर झालेले डाग शोधायला हवेत. आणि असेल तिथे वही वाचायला हवी, ती सगळ्यात आधी, कोणी काही पुसायच्या आत.

आपल्याकडची आणखी एक अडचण आहे. डोंगरातल्या वाड्यापाड्यांवर माणसं नेणाऱ्या अनेक जुन्या जीप आणि मालवाहू पिकअपमध्ये एबीएस नाही आणि एअरबॅगही नाही. म्हणजे दोन्ही वह्या नाहीत. जिथे साक्षीदाराची गरज सगळ्यात जास्त, तिथे गाडी मुकी आहे.

वाचणार कोण?

ऑनलाइन मिळणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर इंजिनचे कोड वाचतो, कारण प्रदूषणाच्या नियमांमुळे ती भाषा सगळ्या कंपन्यांना सारखी ठेवावी लागते. एबीएसचे तपशील मात्र कंपनीगणिक वेगळे. त्यासाठी महागडा स्कॅनर आणि त्याचं दरवर्षीचं अपडेट लागतं. तळोदा-अक्कलकुव्याच्या छोट्या गॅरेजला हे परवडत नाही, आणि शोरूम लांब.

हा प्रश्न नवा नाही. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजारात न दिल्याबद्दल १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ‘राइट टू रिपेअर’चं पोर्टलही सुरू केलं, त्यात वाहनांचं क्षेत्र आहे. पण ब्रेकची वही वाचण्यापुरती तरी समान भाषा सक्तीची करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. प्रदूषणासाठी जमतं, तर जिवासाठी का नाही?

फिटनेसचंही तसंच. ब्रेक टेस्टरच्या रोलरवर चाकाचा जोर मोजतात, आणि ते हवंच. पण रोलर ताशी काही किलोमीटरनेच फिरतात, आणि इतक्या कमी वेगाला एबीएस कामच करत नाही. म्हणजे रोलरवर पास झालेल्या गाडीचं एबीएस बंद असू शकतं. ब्रिटनच्या वार्षिक तपासणीत एबीएसचा दिवा दोष दाखवत असेल तर गाडी नापास होते. आपल्या फिटनेसमध्येही चावी फिरवल्यावर दिवा लागतो आणि विझतो का, एवढं तरी काटेकोरपणे पाहायला हवं. पुढची पायरी म्हणजे कोडची छापील प्रत प्रमाणपत्राला जोडणं. त्याला पाच मिनिटं लागतील.

तोवर आपण काय करायचं?

चावी फिरवली की रोज बघा: पिवळा दिवा लागला आणि विझला पाहिजे. विझला नाही तर पुढच्या घाटाआधी दाखवा. पिवळा आणि लाल दोन्ही लागले तर जागेवर थांबा.

मिस्त्रींना सांगा, “दादा, आधी कोड वाचा, फोटो काढा, मग पुसा.” फोटोत कोड, किलोमीटर आणि तारीख येऊ द्या. तोच दोष दोन महिन्यांनी परत आला तर हा फोटो तुमचे हजारो रुपये वाचवेल. गाडीत कंपनीचाच दोष निघाला, तरी तक्रारीला आधार होईल. १ एप्रिल २०२१ पासून आपल्याकडे सदोष वाहनं परत बोलावण्याचे नियम लागू आहेत, आणि तिथे ‘दिवा लागला होता’ यापेक्षा नोंद दाखवणं बरं.

आणि जे वहीत येत नाही, ते स्वतः सांभाळा. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मुदतीत, साधारण दोन वर्षांनी, ब्रेक ऑइल बदला. यात्रेच्या, लग्नसराईच्या दिवसांत गाडी खच्चून भरण्याआधी लायनर उघडून बघा. घाट ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच्याच आसपासच्या गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल कधीच नाही. पेडल मऊ लागलं किंवा जळका वास आला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून ब्रेक थंड होऊ द्या. कॉम्प्युटर त्या वेळी काहीच सांगणार नाही. तो पिवळा दिवा विझलेलाच असेल.